प्रोग्राम चुकला तर कोड बदलण्याआधी काय करावे: नवशिक्यांसाठी डीबगिंगचा क्रम

प्रोग्राम चुकीचे उत्तर देऊ लागला की नव्याने शिकणाऱ्याचा हात डीबगिंगकडे, म्हणजे चूक पद्धतशीरपणे शोधण्याकडे, न जाता सर्वांत आधी कोडकडे जातो. एका जागी अधिक एक करून पाहिले जाते, दुसरीकडे एखादी अट उलटी केली जाते, कुठूनतरी उचललेल्या चार ओळी मध्येच घातल्या जातात, आणि अर्ध्या तासाने मूळ चूक जागच्या जागी राहून तिच्या शेजारी दोन-तीन नव्या चुका उभ्या राहतात. काय बिघडले आहे हे ठरण्याआधीच दुरुस्ती सुरू झाल्यामुळे हे होते. पुढील टप्पे याच क्रमाने करावेत. टप्पा गाळून पुढे गेल्यास बहुतेक वेळा पुन्हा मागे यावे लागते.

उदाहरणासाठी गावातील दूध संकलन केंद्राचा एक लहान पायथन प्रोग्राम घेऊ. सीएसव्ही फाइलच्या पहिल्या ओळीत शीर्षके आहेत. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत खाते क्रमांक, उत्पादकाचे नाव, लिटर आणि त्या दिवशीच्या फॅटनुसार लागलेला दर स्वल्पविरामांनी वेगळे करून लिहिलेले आहेत. प्रोग्रामने खाते क्रमांक विचारायचा आणि त्या खात्याला दहा दिवसांचे किती पैसे द्यायचे ते दाखवायचे, एवढेच त्याचे काम आहे. पायथनच्या आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.

टप्पा १: तयारी

प्रोग्राम सध्या ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेची प्रत सर्वांत आधी काढून ठेवावी. गिट (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारे साधन) वापरता येत असेल तर एक कमिट करावे, म्हणजे सध्याची अवस्था त्यात नोंदवावी. येत नसेल तर संपूर्ण फोल्डरची प्रत करून तिच्या नावात तारीख आणि वेळ घालावी. प्रयोग फसल्यावर परत जाण्याची जागा नसेल, तर शिकणारा आपल्याच बदलांत अडकतो.

जवळ एक वही असावी. तीत तीन रकाने पुरतात: काय वाटले, काय करून पाहिले, काय दिसले. हे काम डोक्यात होते असे वाटते, पण चौथ्या प्रयोगानंतर पहिल्या प्रयोगात नेमके काय दिसले होते ते कोणालाही आठवत नाही.

शक्य असल्यास पायथनची ३.११ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरावी, कारण त्या आवृत्तीपासून एररच्या संदेशात ओळीतील नेमका कोणता भाग फसला ते खाली खुणा करून दाखवले जाते. अगदी नवशिक्याने थॉनी हा संपादक घेतला तरी चालेल, कारण त्यात प्रत्येक व्हेरिएबलमधील किंमत बाजूच्या चौकटीत पाहता येते.

*तपासणी:* आपण बदलत असलेली फाइल आणि प्रत्यक्षात चालणारी फाइल एकच आहे ना, याची खात्री करावी. फाइलच्या पहिल्या ओळीत प्रिंट घालून एखादा वेगळाच शब्द छापावा आणि प्रोग्राम चालवावा. तो शब्द दिसला नाही, तर फाइल जतन केलेली नाही किंवा दुसऱ्याच फोल्डरमधील प्रत चालते आहे. वर्गात ज्या चुकीवर तास वाया जातो, तिचे कारण अनेकदा एवढेच निघते. आपल्या फाइलला रँडम, सीएसव्ही असे पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचे नाव दिलेले नाही ना, तेही याच वेळी पाहावे. तसे नाव दिले असेल, तर मूळ मॉड्यूल मागवल्यावर पायथन आपलीच फाइल उघडून बसतो.

टप्पा २: प्रश्न हाताने सोडवणे

उत्तर काय यायला हवे हे ठाऊक नसेल, तर आलेले उत्तर चूक आहे असे म्हणता येत नाही. म्हणून खऱ्या फाइलऐवजी पाच-सहा ओळींची चाचणीची फाइल तयार करावी आणि तिचे उत्तर कागदावर काढावे. आपल्या फाइलमध्ये खाते ७ च्या तीन नोंदी आहेत: १२.५ लिटर ३४ रुपयांनी, ११ लिटर ३४ रुपयांनी आणि ९.५ लिटर ३६ रुपयांनी. त्यांच्या रकमा अनुक्रमे ४२५, ३७४ आणि ३४२ येतात, म्हणून एकूण ११४१ रुपये झाले पाहिजेत. त्यानंतरच्या दोन ओळी खाते ९ च्या आहेत.

चाचणीसाठी आकडे निवडतानाही विचार करावा. शिकणारे सवयीने प्रत्येक ओळीत १० लिटर आणि ३० रुपये लिहितात. मग एक नोंद गळली तर ३०० रुपये कमी येतात, पण कोणती नोंद गळली ते कळत नाही. वरच्या तीन रकमा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्यातील कोणत्याही दोघींची बेरीजही वेगळी येते, त्यामुळे उत्तरातील तूट पाहूनच हरवलेली नोंद ओळखता येते. ही खबरदारी दोन मिनिटांची आहे आणि पुढे ती कशी कामाला येते ते तिसऱ्या टप्प्यात दिसेल.

हिशेब हाताने करतानाच कडेचे प्रश्न लिहून काढावेत. दिलेला खाते क्रमांक फाइलमध्ये नसेल तर काय दाखवायचे? एखाद्या दिवशी दूध घातले नाही म्हणून लिटरच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर? शेवटी रिकामी ओळ राहिली असेल तर? पैशांचे पूर्णांक कसे करायचे? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण पायथनमधील राउंड ही आज्ञा २.५ चे ३ न करता २ करते, म्हणजे बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. आपल्याकडील हिशेबाची रीत वेगळी असल्याने मानवी हिशेब आणि प्रोग्रामचा हिशेब यांत एखाद्या रुपयाचा फरक पडतो आणि त्या फरकापायी संपूर्ण कोड उलटापालटा केला जातो. पैशांचा हिशेब काटेकोर हवा असेल, तर डेसिमल हे मॉड्यूल वापरावे आणि पूर्णांकाचा नियम त्यात स्पष्ट सांगावा.

टप्पा ३: बिघाड एका वाक्यात लिहिणे

«चालत नाही» हे वाक्य वहीत लिहू नये. कोणती माहिती दिली, काय अपेक्षित होते आणि काय आले, या तिन्ही गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होते: «चाचणीच्या फाइलवर खाते ७ दिले असता ११४१ अपेक्षित होते, पण ७१६ आले, खाते ९ चे उत्तर मात्र बरोबर आले.»

वाक्याचा उत्तरार्ध मुद्दाम लिहिला आहे. काय बिघडले याच्याइतकेच काय बिघडले नाही हेही महत्त्वाचे असते, कारण पुढे जो अंदाज बांधला जाईल त्याने दोन्हींचा उलगडा केला पाहिजे.

आता तूट पाहावी. ११४१ मधून ७१६ वजा केले की ४२५ उरतात आणि ४२५ ही पहिल्याच नोंदीची रक्कम आहे. कोडची एकही ओळ न वाचता आपल्याला कळले की गुणाकार बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे, आणि फक्त पहिली नोंद मोजली जात नाही.

*तपासणी:* तीच माहिती देऊन प्रोग्राम तीन वेळा चालवावा. तिन्ही वेळा ७१६ आले तरच पुढे जावे. उत्तर दर वेळी बदलत असेल, तर प्रोग्राममध्ये तारीख, वेळ, यादृच्छिक संख्या किंवा आधीच्या वेळी लिहून ठेवलेली फाइल यांपैकी काय शिरले आहे ते आधी शोधावे.

टप्पा ४: एररचा संदेश खालून वर वाचणे

प्रोग्राम चुकीचे उत्तर न देता मध्येच कोसळत असेल, तर पडद्यावर ट्रेसबॅक, म्हणजे एररचा सविस्तर संदेश, येतो. लाल अक्षरे दिसताच खिडकी बंद करण्याची सवय असलेल्यांनी ती आजच सोडावी, कारण त्या संदेशात अर्धे उत्तर लिहिलेले असते.

सर्वांत खालची ओळ आधी वाचावी. तीत एररचा प्रकार आणि कारण असते. व्हॅल्यूएरर म्हणजे किंमत त्या कामाला योग्य नाही, जसे आडवी रेघ संख्येत बदलायला सांगणे. टाइपएरर म्हणजे वस्तूचा प्रकारच चुकीचा आहे, जसे स्ट्रिंगमध्ये संख्या मिळवायला सांगणे. इंडेक्सएरर म्हणजे लिस्टमध्ये नसलेला क्रमांक मागितला. फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळ स्वल्पविरामांवर तोडून तिच्यातला तिसरा भाग मागितला की हाच एरर येतो. त्यानंतर हळूहळू वर जात, आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचे नाव जेथे पहिल्यांदा दिसेल त्या ओळीवर थांबावे. त्याखालच्या ओळी एखाद्या लायब्ररीच्या असतील, तर चूक लायब्ररीत असण्याची शक्यता फार कमी असते. आपण तिच्या हाती चुकीची वस्तू दिलेली असते.

*इशारा:* सिंटॅक्सएररमध्ये दाखवलेली ओळ निर्दोष दिसत असेल, तर तिच्या आधीची ओळ पाहावी. कंस बंद करायचा राहिला, तर जुन्या आवृत्त्यांत पायथनला ते बहुधा पुढच्या ओळीत गेल्यावर कळते.

*इशारा:* एरर दिसू नये म्हणून ट्राय आणि एक्सेप्ट यांच्यात संपूर्ण कोड गुंडाळून आत पास लिहू नये. त्याने चूक जात नाही, तिचा पत्ता मात्र पुसला जातो. दुधाच्या हिशेबात अशा कोडमुळे वाचता न आलेल्या नोंदी गुपचूप गळतील आणि कोणाचे तरी पैसे कमी होतील.

टप्पा ५: अर्धे अर्धे करत जागा शोधणे

या टप्प्यावर थोडे अधिक थांबू, कारण नवशिक्यांना सर्वांत कमी येणारे आणि सर्वांत जास्त उपयोगी पडणारे कौशल्य हेच आहे.

समजा, मीना, राम आणि लता अशी नावे असलेली चाचणीची फाइल विंडोजवर व्यवस्थित चालते, परंतु केंद्राची ६४ ओळींची खरी फाइल दिली की युनिकोडडिकोडएरर येऊन प्रोग्राम कोसळतो. कोड तोच आहे, म्हणजे फरक माहितीत आहे. ६४ ओळी डोळ्यांनी तपासत बसू नये. फाइलची प्रत करून तिच्यातील पहिल्या ३२ ओळी वेगळ्या काढाव्यात आणि प्रोग्राम चालवावा. कोसळला तर दोष या अर्ध्यात आहे. नाही कोसळला तर उरलेला अर्धा भाग घ्यावा. पुन्हा १६, ८, ४, २ असे करत गेल्यास सहा प्रयोगांत एक ओळ हाती येते. दोन्ही अर्ध्यांवर कोसळत असेल तर दोष एकाहून अधिक जागी आहे. अशा वेळी कोणताही एक अर्धा घेऊन पुढे जावे.

हाती आलेली ओळ «सुनीता» या नावाची आहे असे धरू. येथेही थांबू नये, ओळीचेही तुकडे करावेत. खाते क्रमांक काढला तरी प्रोग्राम कोसळतो. लिटर आणि दर काढले तरी कोसळतो. नावातील «नीता» काढून फक्त «सु» ठेवले तरी कोसळतो, आणि «सु» ऐवजी «स» केला की चालतो. म्हणजे बिघाड पहिल्या उकारावर येऊन थांबला. दुसऱ्या एखाद्या ओळीत «प्रकाश» हे नाव असेल, तर तेथे तो जोडाक्षराच्या हलन्तावर थांबेल.

कारण आता नीट सांगता येते. अक्षरे बाइटच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीला एनकोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या एनकोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवले जाते. उकाराचा शेवटचा बाइट षोडशमान पद्धतीत ८१ आहे आणि हलन्ताचा ८डी. फाइल उघडताना एनकोडिंग सांगितले नाही, तर विंडोजवर प्रचलित पायथन आवृत्त्या बहुधा १२५२ हे जुने कोडपेज (बाइट आणि अक्षरांचा तक्ता) वापरतात आणि त्यात या दोन बाइटना कोणतेही अक्षर नेमलेले नाही. मीना, राम, लता या नावांत असा बाइट येत नाही, म्हणून ती फाइल कोसळली नाही. तीही बरोबर वाचली जात नव्हतीच: नावे छापून पाहिली असती तर «राम» ऐवजी अगम्य चिन्हे दिसली असती, परंतु आपण फक्त रकमा छापत होतो. उपाय एका शब्दाचा आहे: ओपन या आज्ञेत एनकोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेली असेल, तर तिच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. तिच्यासाठी यूटीएफ-८-सिग लिहावे.

नावे रोमन लिपीत लिहिण्याची सक्ती करणे हाही एक «उपाय» अशा वेळी सुचवला जातो. तो स्वीकारू नये. मराठी नावे मराठीत वाचता येणे हा प्रोग्रामच्या कामाचाच भाग आहे, आणि दोष कोडमध्ये असताना माणसांची नावे बदलायला लावणे चुकीचे आहे.

कोडमधील जागाही याच रीतीने शोधावी. प्रोग्रामच्या बरोबर मध्यावर थांबून तोपर्यंतच्या किमती छापाव्यात. त्या बरोबर असतील तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे, चुकीच्या असतील तर मागच्या.

टप्पा ६: अंदाज लिहिणे आणि तो मोडून पाहणे

आता मूळ बिघाडाकडे येऊ. वहीत अंदाज लिहावा: «लूप पहिल्या नोंदीपासून सुरू होत नाही.» त्याखाली लिहावे: «हे खरे असेल तर लूपमध्ये छापलेल्या ओळींत ४२५ ची ओळ दिसणार नाही.» मग लूपच्या आत प्रिंट घालावे. नुसती किंमत छापू नये, सोबत तिचे नावही छापावे, नाहीतर पडद्यावर आलेल्या वीस आकड्यांतला कोणता कशाचा हे कळत नाही.

छापून पाहिल्यावर ४२५ ची ओळ खरोखरच दिसत नाही. कोड वाचल्यावर कारण सापडते: फाइल उघडल्यावर शीर्षकाची ओळ नेक्स्ट या आज्ञेने आधीच वगळली आहे, उरलेल्या ओळी लिस्टमध्ये घेतल्या आहेत, आणि लूप लिहिताना शीर्षक पुन्हा वगळायच्या हेतूने रेंज शून्याऐवजी एकपासून सुरू केली आहे. शीर्षक दोनदा वगळल्यामुळे पहिली नोंद गेली. खाते ९ ची नोंद पहिल्या ओळीवर नसल्याने तिचे उत्तर बरोबर आले. अंदाजाने दोन्ही गोष्टींचा उलगडा केला, म्हणून तो स्वीकारावा.

उत्तर शून्य येत असेल तर अंदाज वेगळे असतील. इनपुट ही आज्ञा नेहमी स्ट्रिंग देते. ती आकड्याशी ताडून पाहिली तर दोन्ही कधीच समान ठरत नाहीत आणि एररही येत नाही. फाइलमध्ये कोणी खाते क्रमांक देवनागरी अंकात टंकला असेल, तर तो इंग्रजी अंकातील सातशी स्ट्रिंग म्हणून जुळत नाही. इंट ही आज्ञा मात्र देवनागरी अंकही ओळखते, म्हणून दोन्ही बाजू इंटमधून नेल्या की प्रश्न सुटतो. नावाच्या किंवा आकड्याच्या शेवटी अदृश्य जागा राहिल्याचा संशय असेल, तर किंमत थेट न छापता रेप्र या आज्ञेतून छापावी. ती अवतरणचिन्हांसह छापते, त्यामुळे जादा जागा आणि ओळ बदलण्याची खूण डोळ्यांना दिसते.

प्रिंटची संख्या दहाच्या वर गेली की डीबगर, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून ओळीओळीने चालवण्याचे साधन, वापरावा. ज्या ओळीवर थांबायचे तेथे ब्रेकपॉइंट ही आज्ञा लिहिली की प्रोग्राम तेथे थांबतो. त्यानंतर एन टंकल्यास पुढची ओळ चालते, एस टंकल्यास फंक्शनच्या आत जाता येते, पी आणि व्हेरिएबलचे नाव दिल्यास किंमत दिसते आणि सी टंकल्यास प्रोग्राम पुढे चालू होतो.

टप्पा ७: एकच बदल, आणि त्याची उलटतपासणी

एका वेळी एकच बदल करावा. आपल्या उदाहरणात रेंज शून्यापासून सुरू करणे पुरते, पण क्रमांक न वापरता लूप थेट लिस्टवरून फिरवणे अधिक चांगले, कारण मग ही चूक करायला जागाच उरत नाही. फाइलमध्ये पहिली नोंद दोनदा लिहून बेरीज जुळवणे, किंवा खाते ७ साठी वेगळी अट घालणे, ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या दहा दिवसांच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीवर दुसराच कोणी असेल.

११४१ आले की काम संपले असे समजू नये. केलेला बदल परत काढावा आणि ७१६ पुन्हा येतात का ते पाहावे. ते आले, तर बिघाड याच कारणाने होता. आले नाहीत, तर दुसरे काहीतरी बदलले आहे आणि ते आपल्याला ठाऊक नाही. मग बदल पुन्हा घालून दुसऱ्या टप्प्यातील कडेचे सर्व प्रश्न एकेक करून चालवावेत आणि अपेक्षित उत्तर असर्ट या आज्ञेने चाचणीच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे उद्या कोणी कोड बदलला तर ही चूक परतल्याचे लगेच कळेल. तपासणीसाठी घातलेले प्रिंट यानंतरच काढावेत.

टप्पा ८: मदत मागणे

पाऊण तासात वहीत नवीन काहीच लिहिले गेले नसेल, तर मदत मागावी. मागताना तिसऱ्या टप्प्यातील वाक्य, बिघाड घडवणारा सर्वांत लहान कोड, त्यासोबतची दोन-तीन ओळींची माहिती, पायथनची आवृत्ती आणि संपूर्ण ट्रेसबॅक द्यावा. ट्रेसबॅक मजकूर म्हणून द्यावा, पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो देऊ नये, कारण फोटोतील कोड कोणालाही चालवून पाहता येत नाही. उत्तर एखाद्या माणसाकडून आले असो वा एआयकडून, ते थेट चिकटवू नये; सहाव्या टप्प्यातील अंदाजाप्रमाणे ते वहीत लिहावे आणि तपासून मगच घ्यावे.

*इशारा:* खरी फाइल कोणालाही पाठवू नये. उत्पादकांची नावे, आणि फाइलमध्ये असतील तर बँक खात्यांचे व मोबाइलचे क्रमांकही काढून त्या जागी बनावट माहिती भरावी, आणि ती भरल्यावरही बिघाड तसाच घडतो का ते पाठवण्याआधी एकदा चालवून पाहावे.